परसातलं अंजीर

पुण्याहून दिवे घाट चढून सासवडच्या अंगाला आलं की हवा बदलते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पुरंदरचा टापू. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, सिंगापूर, राजेवाडी, वाघापूर ही इथली अंजिराची गावं. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आगेमागे, जमीन उताराची आणि हलकी ते मध्यम, मातीच्या थराखाली मुरूम, अधूनमधून चुनखडी. अशा रानात अंजीर इतकं उत्तम येतं की २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्याला घरच्या अंगणात अंजीर लावायचं आहे त्याने खताच्या पिशव्या आणण्याआधी हा टापू नीट समजून घ्यावा. घरच्या अंजिराची बहुतेक दुखणी आपणच लाडाने ओढवून घेतो: रोजचं पाणी, वाजवीपेक्षा जास्त खत, भिंतीच्या आडोशाची जागा आणि सिकेटर हातात घ्यायची भीती. पुरंदरच्या उतारावर या झाडाला जे मिळतं, ते म्हणजे उघडं ऊन, निचरा होणारी जमीन, हात राखून दिलेलं पाणी आणि वर्षातून एकदा सक्तीची विश्रांती. तेवढं जुळवून आणलं की बाकीचं झाड स्वतः पाहून घेतं.

वड, पिंपळ आणि उंबर ही अंजिराची सख्खी भावंडं. या सगळ्यांत फळ म्हणून आपण जे तोडतो ती खरं तर आत वळलेली फुलांची पिशवी असते. शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला लागलेली आणि टोकाशी एकच बारीकसं छिद्र, ज्याला डोळा म्हणायला हरकत नाही. उंबर फोडलं की आतून उडणारी चिलटं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती त्या डोळ्यातून आत शिरून परागीभवन करतात. तुर्कस्तानच्या स्मिर्ना जातीच्या अंजिरालाही असंच एक चिलट लागतं. पुरंदरच्या बागांतलं पूना अंजीर मात्र परागीभवनाशिवायच फळतं. त्यामुळे ‘अंजिरात किडा असतो का हो?’ या नेहमीच्या प्रश्नाला, निदान आपल्याकडच्या ताज्या अंजिरापुरतं, सरळ उत्तर आहे: परागीभवनाचं चिलट त्यात नसतं. दाताखाली कुरकुरतात त्या बिया, आणि त्याही पोकळ.

ही माहिती परसबागेच्या फार कामाची आहे. बाजारातल्या सुक्या अंजिराच्या बिया पेरून रोप करायचा मोह अनेकांना होतो. परदेशातून येणारी सुकी अंजिरं बऱ्याचदा परागीभवन झालेली असतात, म्हणून त्यांच्या बिया उगवतातही; रोप छान वाढतं, हाताच्या पंजासारखी खरखरीत पानं येतात. पण त्यातली साधारण निम्मी झाडं नर निघतात, ज्यांची फळं खाण्यालायक नसतात. उरलेल्यांपैकी बऱ्याच झाडांना ते चिलट हवं असतं. ते नसलं की फळं बोराएवढी होतात, पिवळी पडतात आणि गळतात. घरमालक मग वर्षानुवर्षं खत बदलत बसतो. हाच अनुभव कॅलिफोर्नियाने फार मोठ्या प्रमाणावर घेतला. १८८० च्या दशकात तिथे स्मिर्ना जातीच्या फांद्या नेऊन बागा लावल्या; झाडं जोमात आली, फळं मात्र सगळी गळाली. १८९९ मध्ये अल्जीरियातून ते चिलट आणून स्थिरावलं तेव्हा कुठे त्या बागा फळल्या. म्हणून रोप घेताना परदेशी नावाला भुलू नये. ही जात परागीभवनाशिवाय फळते का, एवढा एकच प्रश्न विचारावा आणि खात्रीचं उत्तर मिळालं नाही तर पुढे जावं.

माझ्या मते महाराष्ट्रातल्या पहिल्या झाडासाठी पूना अंजिराला तोड नाही. साल पातळ, गर गुलाबीसर, गोडी भरपूर आणि इथल्या हवेला सरावलेलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने दौलताबाद भागातल्या झाडांतून निवडलेली ‘दिनकर’ आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले राजेवाडी’ याही चांगल्या जाती आहेत. ब्राऊन टर्की आणि डायना रोपवाटिकांतून मिळतात, त्याही परागीभवनावाचून फळतात. पण ती हौस दुसऱ्या झाडावर भागवावी.

रोप विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या, दरवर्षी फळणाऱ्या निरोगी झाडाची काडी मिळाली तर सोन्याहून पिवळं. अंजीर फाटे कलमाने सहज लागतं आणि माणसाने हे फार पूर्वीच ओळखलं. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिल्गाल इथे सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीच्या वस्तीत जळून टिकलेली लहान अंजिरं सापडली. २००६ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की ती परागीभवनाशिवाय पोसलेली होती. अशा झाडाची पुढची पिढी बीपासून होत नाही. कुणीतरी फांदी तोडून मातीत खोचावीच लागते. गव्हा-बार्लीची शेती रुळण्याआधीची ती लागवड असावी, असं त्यांचं म्हणणं आहे.

काडी आठ महिने ते वर्षभर वयाची, अंगठ्याएवढी जाड, वीत-सव्वा वीत लांब आणि चार-सहा डोळ्यांची असावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आडवा, वरचा तिरपा. म्हणजे उलटसुलट होत नाही आणि वर पाणी साचत नाही. कापल्यावर चीक वाहतो. तो सुकेपर्यंत, म्हणजे एखादा दिवस, काडी सावलीत ठेवून मग माती, वाळू आणि कुजलेल्या शेणखताच्या पिशवीत दोन तृतीयांश खोचावी. दोन-तीन आठवड्यांत पानं फुटली की लोक काडी लागली असं समजून तिला उन्हात हलवतात, आणि इथेच घात होतो. ही पहिली पानं काडीतल्या साठवलेल्या अन्नावर येतात, खाली अजून मुळी नसते. दीड-दोन महिने तिला सावलीतून हलवू नये, उपटून तर मुळीच पाहू नये. पिशवीच्या तळाशी पांढरी मुळं दिसली की मगच ऊन दाखवावं. पावसाळ्यात उभ्या झाडावर गुटी बांधूनही रोप मिळतं आणि ते थोडं लवकर फळतं.

जागेच्या बाबतीत मी जराही तडजोड करणार नाही. दिवसाचं सहा-सात तास थेट ऊन हवंच. आंब्याच्या किंवा नारळाच्या सावलीत अंजीर उंच वाढतं, पानं मोठी येतात, फळं येत नाहीत. दुसरी गोष्ट अंतराची: अंजिराची मुळं उथळ आणि दूरवर धावणारी असतात, ओलाव्याच्या मागे जातात, म्हणून पाण्याची टाकी, सेप्टिक टँक आणि घराचा पाया यांपासून निदान दहा-बारा फूट लांब लावावं. खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड यांनी तो भरावा. अंगणात भारी काळी माती असेल तर खड्ड्यात पाणी साठून मुळं कुजतात. तिथे खड्डा खणण्याऐवजी दीड फूट उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावं.

गच्चीवरही अंजीर छान होतं, किंबहुना मुळं थोडी कोंडलेली त्याला चालतात. प्लॅस्टिकचा मोठा ड्रम मधून कापून त्याच्या बुडाला आणि बुडाजवळ कडेला भरपूर भोकं पाडावीत, तळाशी विटांचे तुकडे घालावेत. दर दोन-तीन वर्षांनी विश्रांतीच्या काळात झाड काढून कडेची गुंडाळलेली मुळं छाटावीत आणि नवी माती भरावी. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात तर मी ड्रमचाच आग्रह धरेन. तिथल्या पावसात पानं महिनोन्‌महिने ओली राहतात आणि अंजिराला ते सोसत नाही. ड्रम असला की जून ते सप्टेंबर झाड पत्र्याखाली उजेडाच्या जागी सरकवता येतं.

आता पाणी. घरचं अंजीर बिघडतं ते सगळ्यात जास्त इथे. संध्याकाळी पाइप घेऊन तुळशीपासून गुलाबापर्यंत सगळ्यांना पाणी घालायची आपली सवय असते आणि त्या फेरीत अंजिराचंही आळं भरतं. मुळांना ओल हवी तशी हवाही हवी. माती कायम चिखलात असली की मुळं गुदमरतात, खालची पानं पिवळी पडतात. ती पिवळी पानं पाहून आपण आणखी पाणी घालतो. त्याऐवजी आळ्यात चार बोटं खोल खुरपं घालून माती उकरावी. मुठीत दाबल्यावर तिचा गोळा होत असेल आणि हात चिखलाने माखत नसेल तर वाफसा आहे, त्या दिवशी पाणी नको. माती भुसभुशीत होऊन मुठीतून निसटली की मग द्यावं, आणि देताना भरपूर द्यावं. जमिनीतल्या मोठ्या झाडाला हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी आणि उन्हाळ्यात चार-सहा दिवसांनी पाणी पुरतं. ड्रमातल्या झाडाला ऐन उन्हाळ्यात रोजही लागेल, तिथे खुरप्याचंच ऐकावं. पाणी खोडाशी कधीच नको. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे गोल चर काढून त्यात सोडावं आणि आळ्यावर पाचटाचं किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन घालावं.

फळ वाढतानाचा एक प्रकार माहीत नसला की जाणता माणूसही गोंधळतो. अंजिराचं फळ सलग वाढत नाही. पानाच्या बेचक्यात हिरवा मणी दिसतो, तो भराभर सुपारीएवढा होतो आणि मग थांबतो. काही आठवडे त्याच आकाराचं, घट्ट, हिरवं. वाटतं, झाडाला काहीतरी कमी पडतंय. या टप्प्यावर युरिया टाकणारे आणि पाणी दुप्पट करणारे पुष्कळ. त्या जादा नत्राने नवी पालवी उसळते आणि फळं मागे पडतात. खरं तर या काळात आतल्या फुलांची घडण पुरी होत असते. मग शेवटच्या आठवड्या-दीड आठवड्यात फळ अचानक फुगतं, मऊ होतं, रंग बदलतं आणि गोडी जवळजवळ सगळी याच दिवसांत भरते. नेमकं याच वेळी पाण्यात चढउतार झाला, म्हणजे कोरड्या आळ्यात एकदम भरपूर पाणी सोडलं किंवा वळवाची जोरदार सर आली, तर साल तडकते, गर आंबतो आणि मुंग्या लागतात. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत फळ लवकर पिकावं म्हणून थांबलेल्या टप्प्याच्या अखेरीस डोळ्यावर तेलाचा थेंब लावायची जुनी रीत आहे. तेलामुळे फळात इथिलीन वायू तयार होतो आणि पिकणं पुढे ओढलं जातं. घरी चार फळांवर हे करून पाहण्यासारखं आहे.

आपल्याकडे अंजिराचे दोन बहार घेतात. पावसाळ्याच्या तोंडाशी छाटून धरलेला खट्टा बहार हिवाळ्याच्या सुरुवातीला येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटून धरलेला मीठा बहार फेब्रुवारी-मार्चपासून उन्हाळ्यात. शेतकऱ्याला बाजारभाव पाहून खट्टा बहार धरावा लागतो. घरच्या माणसाने तो नाद सोडून द्यावा. खट्ट्याची पालवी पावसात भिजते आणि तांबेऱ्याला आयती सापडते. फळाची गोडीही कमी. मीठा बहार कोरड्या हवेत वाढतो आणि उन्हात पिकतो. त्यासाठी पावसाळ्याच्या अखेरीस पाणी तोडून झाडाला महिनाभर ताण द्यायचा. पानं मलूल होतील, बरीचशी गळतील. ते पाहवत नाही हे खरं, पण या विश्रांतीतच फांद्यांत अन्न साठतं. ड्रममधलं झाड पार वाळू देऊ नये, अधूनमधून तांब्याभर पाणी द्यावं.

मग छाटणी. अंजिराची फळं येतात ती नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात. जुनी फांदी तशीच ठेवली तर फूट फक्त शेंड्याला येते, झाड दरवर्षी एक हात उंच जातं आणि फळं पक्ष्यांच्या हवाली होतात. म्हणून गेल्या वर्षीच्या फांद्या निम्म्या-पाऊण कापायच्या, आत घुसणाऱ्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या मुळापासून काढायच्या. मधून ऊन आत यायला हवं. एखाद्या उघड्या फांदीवर मधले डोळे झोपलेले असतील तर जुलैत खाच पाडतात: डोळ्याच्या वर बोटभर अंतर सोडून पेराएवढी साल, जराशा लाकडासकट, तिरकी काढायची. शेंड्याकडून येणारा दाब तिथे तुटतो आणि खालचा डोळा फुटतो. एका फांदीवर तीन-चार खाचा पुरेत. छाटणीनंतर प्रत्येक मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावावी, आळं हलकं चाळून मोठ्या झाडाला चार-पाच घमेली शेणखत घालावं आणि मग पहिलं भरपूर पाणी द्यावं.

कापताना अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असावा आणि हातमोजे असावेत. या चिकाने कातडीची आग होते, आणि चीक लागलेल्या जागी ऊन लागलं तर फोड येऊन डाग राहतात. लहान मुलांना छाटणीच्या दिवशी झाडापासून लांब ठेवा.

रोगांत मुख्य म्हणजे तांबेरा. पान उलटं करून पाहायची सवय ठेवली तर तो वेळेत सापडतो: खालच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे पिवळट-तपकिरी ठिपके, त्यांवरून बोट फिरवलं की बोटाला गंजासारखी पूड लागते. वाढला तर पानगळ होऊन फळं उघडी पडतात, लहान राहतात. पडलेली पानं रोज झाडून जाळून टाकावीत, कारण पुढची लागण त्यांतूनच होते. छाटणीनंतर लगेच आणि पालवी आल्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावं. घरासाठी एका लिटरचं प्रमाण असं: १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना विरवून उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काडीने ढवळावं. आकाशी निळं मिश्रण होतं. त्यात लोखंडी खिळा बुडवून काढावा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, पानं करपतील. आणखी थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा पाहावं. खिळा स्वच्छ निघाला की गाळून त्याच दिवशी संपवावं. फळं पिकायच्या दिवसांत फवारणी नको.

खोडकिडा मात्र दबक्या पावलांनी येतो. खोडाच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला की वर शोधावं, कुठेतरी भोक सापडेलच. सायकलच्या तारेचा आकडा आत घालून अळी ओढून काढावी, मग रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा भोकात कोंबून चिखलाने लिंपावं. या किड्याच्या धाकाने मी घरच्या अंजिराला एकच खोड ठेवत नाही, तीन ठेवतो. एक गेलं तरी दोन उरतात.

पाणी आणि खत सगळं बरोबर असूनही झाड खुरटलेलंच राहिलं तर बारीक मुळं उकरून पाहा. त्यांवर गाठी असतील तर सूत्रकृमी आहेत. वांगी, टोमॅटो, भेंडी यांच्या जुन्या वाफ्यात अंजीर लावलं की हे बऱ्याचदा होतं. आळ्याभोवती झेंडू लावणं आणि वर्षातून दोनदा निंबोळी पेंड घालणं याने ते आटोक्यात राहतात, पुरते जात नाहीत.

फळं पिकू लागली की बुलबुल, तांबट, खारी आणि रात्री वटवाघळं येणारच. सगळ्या झाडावर जाळं टाकण्यापेक्षा फुगायला लागलेल्या फळालाच पातळ कापडाची किंवा कागदाची पिशवी बांधणं सोपं जातं. घाबरून कच्चं मात्र तोडू नये. अंजीर तोडल्यावर मऊ पडतं, गोड होत नाही. पिकलेल्या फळाची मान वाकते, ते खाली लोंबतं, सालीवर हिरव्यावर जांभळट-तपकिरी झाक येते, बोटाला मऊ लागतं, आणि देठातून पांढरा चीक येणं जवळजवळ थांबतं. सकाळी ऊन चढायच्या आत, देठ ठेवून, हलकं पिरगाळून काढावं. साध्या हवेत ते एक-दोन दिवस टिकतं, फ्रिजमध्ये आणखी दोन-तीन. जास्तीची फळं सुकवायचा खटाटोप करू नये. पूना अंजीर त्यासाठी नाही, नीट सुकण्याआधीच आंबतं. निम्म्या वजनाची साखर आणि एका लिंबाचा रस घालून मंद आचेवर आटवलं तर त्याचा सुरेख जॅम होतो, आणि त्या बियांची कुरकुर जॅममध्येही तशीच राहते.